तात्यासाहेबांचं पथ्य

पक्षाध्यक्ष तात्यासाहेब गरुडांना धरणाच्या घोटाळ्याच्या चौकशीला उद्या हजर व्हायचं होतं आणि आजच त्यांच्या छातीत कळ आली. इस्पितळातल्या खाटेवरून त्यांनी आरोग्यमंत्री डॉ. सुमती भिंगारदिवे यांना बोलावणं धाडलं.

बाईंनी नाडी पाहिली, छाती तपासली. सगळं ठणठणीत होतं.

"तुम्ही हृदयाच्या डॉक्टर. चौकशी झेपणार नाही, असं लिहून द्या," तात्यासाहेब म्हणाले. "दवाखान्यातून उचलून मंत्री कुणी केलं, ते विसरला नसालच."

नाही म्हटलं तर मंत्रिपद जाणार, हो म्हटलं तर डॉक्टरकी. बाईंनी आवाज रोजचाच ठेवला.

"लिहिते की. पण असा आजार लिहिला की पथ्यही लिहावं लागतं. सहा महिने सभा नाही, फोन नाही, भेटायला कुणी नाही. निवडणूक तर पुढच्याच महिन्यात आहे. तिकीटवाटप दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागेल."

तात्यासाहेबांनी अंगावरची चादर बाजूला सारली.

"बाई," ते उठून बसत म्हणाले, "तुमच्या हाताला गुण आहे. कळ थांबली. उद्या चौकशीला जाऊन येतो."