थैलीतला आवळा

खूप खूप वर्षांमागे, कुठल्याच नकाशात सापडणार नाही अशा एका डोंगरखोऱ्यात सात वस्त्या होत्या. त्या सातांनी मिळून एक औषधघर उभं केलं होतं. ते कुणा राजाचं नव्हतं की कुणा सावकाराचं नव्हतं. कुणी भिंती लिंपून दिल्या होत्या, कुणी दारं बसवून दिली होती, आणि दरवर्षी सुगी झाली की प्रत्येक घरातून ओंजळभर धान्य तिथे जायचं. त्या धान्यावर एका वैद्यबाईची गुजराण व्हायची. ती औषधघरातच राहायची, रानातून झाडपाला गोळा करायची आणि येईल त्याला औषध फुकट द्यायची.

औषधघराचा कारभार सात पंच पाहायचे, दर वस्तीचा एक. पौर्णिमेला सकाळी ते औषधघराच्या आतल्या ओसरीवर जमायचे. त्यांची एक जुनी रीत होती. प्रत्येक पंचाच्या कमरेला एक छोटी थैली असे आणि थैलीत दोन सुकी फळं, एक हिरडा आणि एक बेहडा. एखादी गोष्ट मान्य असली की परातीत हिरडा टाकायचा, अमान्य असली की बेहडा. रीत चांगली होती, भांडणाला जागा नव्हती. एवढंच की कित्येक वर्षांत बेहडा कुणी टाकलाच नव्हता. थैलीतल्या थैलीत बिचाऱ्या बेहड्यांना कीड लागायची आणि वैद्यबाई ते बदलून द्यायची.

सातांपैकी सहा वस्त्या खाली नदीच्या काठाने होत्या. तिथल्या लोकांना औषधघर जवळ, आणि चालवत नसलं तर बैलगाडी होतीच. सातवी वस्ती मात्र डोंगराच्या माथ्यावर होती. तिथली वाट दगडाधोंड्यांची, गाडी चढणं शक्यच नव्हतं. धडधाकट माणसालाही उतरायला अर्धा दिवस लागायचा. म्हणून दर बुधवारी वैद्यबाई आपल्या करड्या तट्टावर बसून वर यायची आणि वडाच्या पारावर दुखणाईतांना तपासायची.

त्या माथ्यावरच्या वस्तीत बांबूच्या टोपल्या विणणारी एक बाई राहत होती. हात चपळ आणि स्वभाव भिडस्त. वस्तीचा जुना पंच वारला तेव्हा सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. ती नको नको म्हणत होती. शेवटी शेजारच्या म्हातारीने तिला गप्प केलं.

ही म्हातारी म्हणजे टोपलीवालीची गुरू. बांबूची पहिली कामटी सोलायला तिनेच शिकवलं होतं. आता तिच्या डाव्या पायाला वर्षभरापासून एक जखम होती. दर बुधवारी वैद्यबाई ती धुवायची, लेप लावायची, नवी पट्टी बांधायची आणि बजावून जायची, की यात खंड पडला तर पाय वाचणार नाही.

"पोरी," म्हातारी म्हणाली, "माझ्या पायानं काही तिथवर जाववायचं नाही. तू तिथं बसलीस म्हणजे मीच बसले. जा मुकाट्यानं."

टोपलीवालीने थैली कमरेला बांधली. ती गेली.

पहिल्या बैठकीला ती अगदी अंग चोरून बसली होती. बाकीचे सहा जण मुरलेले. कुणी तेली, कुणी नावाडी, कुणी मोठा बागाईतदार. मधोमध थोरले पंच बसले होते, पांढऱ्या मिशांचे, शांत आवाजाचे. माणूस मनाने खरंच चांगला होता. गोष्टीत कुणीतरी दुष्ट लागतो असं तुम्हांला वाटत असेल, तर आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत तसा कुणी नाही.

थोरले म्हणाले, "औषधं खलून खलून आपल्या वैद्यबाईंचे हात भरून येतात, आणि तरी चूर्ण पुरत नाही. माझ्या मनात आहे की आवारात एक चक्की बसवावी आणि वैद्यबाईंचं तट्टू तिला जुंपावं. चूर्ण बारीक निघेल आणि सगळ्यांना भरपूर पुरेल. कसं वाटतं?"

तेल्याने मान डोलावली. नावाड्याने मान डोलावली. बागाईतदाराने तर डोळे मिटून डोलावली.

टोपलीवालीच्या मनात एक प्रश्न आला. तट्टू चक्कीला जुंपलं, तर बुधवारी वैद्यबाई वर कशावर बसून येणार? प्रश्न ओठांपर्यंत आला. तिने सगळ्यांकडे पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर तो प्रश्न दिसत नव्हता. तिला वाटलं, एवढी शहाणी माणसं, यांनी दुसरं तट्टू पाहून ठेवलंच असेल. आपण आज आलो, आणि आजच तोंड उघडून वेड्यात निघालो तर? वस्तीचीच शोभा व्हायची.

तिने प्रश्न गिळला आणि परातीत हिरडा टाकला. सात हिरडे झाले. थोरल्यांनी समाधानाने मिशीवरून हात फिरवला.

तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मी काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि ते सांगण्यासारखं नाही.

पहिला बुधवार आला. पारावर माणसं जमली, ऊन डोक्यावर आलं, पण वैद्यबाई आली नाही.

"काही काम निघालं असेल," टोपलीवाली म्हातारीला म्हणाली. तिने स्वतःच्या हाताने जखम धुतली, हळद भरली आणि पट्टी बांधली.

दुसऱ्या बुधवारीही कुणी आलं नाही. म्हातारीच्या पायाला सूज चढली. टोपलीवाली रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलायची, पण जखमेचा रंग तिला आवडत नव्हता. खाली जाऊन विचारावं असं रोज मनात यायचं. आणि रोज वाटायचं, विचारायला गेलो तर लोक म्हणतील, ठरलं तेव्हा तू तिथेच होतीस की. चूक झाकायला माणूस दिवसामागून दिवस काढतो, तसे तिने काढले.

तिसऱ्या बुधवारीही पारावरची वैद्यबाईची जागा रिकामीच राहिली. त्या दुपारी वस्तीतला एक धनगर खालून आला आणि पारावर येऊन म्हणाला, "वाट बघू नका. आता कुणी येणार नाही. तट्टू चक्कीला जुंपलंय. गरगर फिरतंय सकाळपासून. पंचांनीच ठरवलं म्हणे."

लोक खवळले. कुणी म्हणालं, खालच्यांना आपली पर्वाच नाही. कुणी म्हणालं, आपण यंदा धान्यच पाठवू नये. मग एकाने टोपलीवालीकडे वळून विचारलं, "तू होतीस ना तिथं? तू काय केलंस?"

ती उत्तर द्यायच्या आत म्हातारीच बोलली. ती वडाच्या बुंध्याला टेकून बसली होती, सुजलेला पाय पुढे पसरून. "तिला कशाला विचारता? तिनं बेहडाच टाकला असणार. सहांपुढं एकटीचं काय चालणार? माझी पोरगी आहे ती, मला माहीत आहे."

लोक टोपलीवालीकडे कणवेने पाहू लागले होते. एवढ्यावर गप्प राहिली असती तरी चाललं असतं. कुणी खाली जाऊन परात तपासणार नव्हतं.

"मावशे," ती म्हणाली, "मी हिरडा टाकला."

ती म्हातारीच्या सुजलेल्या पायाशी बसली.

"मला कळलं नव्हतं असंही नाही. मनात आलं होतं, की तट्टू गेलं तर आमचं काय. पण विचारायची लाज वाटली. आणि गेले तीन आठवडे सांगायची लाज वाटत होती." एवढं बोलून ती रडली. तिला कुणी समजावलं नाही, आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती.

मग म्हातारी म्हणाली, "रडून पाय बरा होत नाही. मला खाली ने."

टोपलीवालीने घरातला सगळ्यात जाड बांबू काढला, त्याला दोरांनी एक मोठी घट्ट टोपली टांगली, आणि आत गोधडी अंथरून म्हातारीला बसवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच चौघांनी खांदा दिला. आदल्या दिवशी टोपलीवालीला जाब विचारणाराच सगळ्यांत पुढे होता. टोपलीवाली पूर्ण वाट टोपलीला हात लावून चालली, म्हणजे दगडाचा धक्का लागू नये.

वैद्यबाईने पट्टी सोडली आणि तिचा चेहरा उतरला. "इतके दिवस कुठे होतात? मी रोज वाटेकडे डोळे लावून होते. मला वाटलं, यांच्या वस्तीची पंच आहे, सगळं विचारपूस करूनच ठरलं असेल. ज्यांना चालवत नाही त्यांना ती घेऊन येईल."

मग ती कामाला लागली. पाय वाचला. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली.

त्याच दुपारी टोपलीवालीच्या विनंतीवरून थोरल्यांनी पंचांना बोलावून घेतलं. म्हातारीची टोपली ओसरीच्या दारातच ठेवली होती, त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिला वळसा घालून जावं लागलं. टोपलीवालीने उभं राहून सगळं सांगितलं. कुणावर ठपका ठेवला नाही. शेवटी कमरेची थैली सोडून तिने परातीत ठेवली.

"माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "मला जमलं नाही."

तेली चुळबुळला. मग खाली पाहत बोलला, "बाई, तुम्ही एका महिन्याच्या. मी अकरा वर्षं इथे बसतोय. चक्कीचं मलाही नीट कळलं नव्हतं. मी थोरल्यांचा हात बघतो. ते जे काढतात ते काढतो."

"मी तेल्याचा बघतो," नावाडी पुटपुटला.

बागाईतदाराचे कान लाल झाले होते.

"मी माथ्यावर कधी चढलो नाही," थोरले पंच हळू आवाजात म्हणाले. "वैद्यबाई बुधवारी कुठेतरी जातात, एवढंच मला माहीत होतं. त्या तट्टावाचून कुणाचं अडेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण मला वाटायचं, माझं काही चुकत असेल तर परातीत कळेल. सात हिरडे पडले की मी निर्धास्त व्हायचो. सात जणांनी विचार केला, असं समजून मी घरी जायचो. आणि विचार मी एकट्यानेच केला होता."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं लोकांनी आपल्याला मान दिला आणि त्या मानानेच आपल्याला एकटं पाडलं, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

टोपलीवाली जायला वळली, तर दारातल्या टोपलीतून म्हातारीने तिचा पदर धरला.

"कुठं निघालीस?"

"मावशे, मी कुठल्या तोंडानं बसू इथं?"

"आहे त्याच तोंडानं. ते उघडायचं तेवढं शिक," म्हातारी म्हणाली. "तुझ्या न विचारण्यापायी माझी दोन बोटं गेली. आता तू उठून गेलीस तर नवीन कुणी येईल, ते पुन्हा गप्प बसेल, आणि माझी बोटं फुकट जातील. तुझं शिकणं मला महाग पडलंय पोरी. ते घेऊन घरी बसू नकोस."

टोपलीवाली परत फिरली आणि आपल्या जागेवर बसली.

तट्टू त्याच दिवशी सोडलं. चक्कीला नदीकाठच्या सहा वस्त्यांनी आळीपाळीने बैल द्यायचे ठरले. वैद्यबाई आत गेली आणि मूठभर सुके आवळे घेऊन आली. प्रत्येकाच्या थैलीत तिने एकेक आवळा टाकला.

"मान्य असलं तर हिरडा, नसलं तर बेहडा," ती म्हणाली. "आणि मनात काही विचारायचं असलं तर आवळा. परातीत एक जरी आवळा पडला, तरी त्या माणसाचं समाधान होईपर्यंत काही ठरवायचं नाही. तिन्ही मिळाल्याशिवाय माझं चूर्णसुद्धा होत नाही."

पुढच्या पौर्णिमेआधी थोरले पंच काठी टेकत माथ्यावर चढून गेले. चार ठिकाणी बसावं लागलं, पण गेले. पारावर बसून त्यांनी म्हातारीच्या हातची भाकरी खाल्ली आणि त्या पायाकडे नीट पाहिलं.

पौर्णिमेला औषधघराच्या कुंपणाचा विषय निघाला. तेल्याने ते कसं घालायचं ते समजावलं. सगळ्यांनी थैलीत हात घातला. टोपलीवालीनेही घातला. तिच्या मनात एक प्रश्न होता, आणि विचारायची भीती अजून गेली नव्हती. पण ती हात बाहेर काढायच्या आत परातीत टप्पकन आवाज झाला. पहिला आवळा थोरल्या पंचांनी टाकला होता.

त्याच्या शेजारी टोपलीवालीने आपला ठेवला.

म्हणतात की त्या औषधघरात पुढे बैठका लांबत गेल्या आणि पंचांच्या घरी दर पौर्णिमेला दुपारचं जेवण गार व्हायचं. पण डोंगराच्या माथ्यावरचा पार पुन्हा कधी बुधवारी रिकामा राहिला नाही.

तात्पर्य : दुसऱ्यांच्या वतीने बसलेल्याने मनात आलेला प्रश्न गिळू नये, कारण त्याची किंमत तिथे नसलेल्यांना मोजावी लागते.