अग्नी देणारा शेठ

"बेवारस प्रेताचं तोंड पाहू नये आणि त्याला अग्नी देणाऱ्याला काही विचारू नये."

कितीतरी राजे आले आणि गेले, त्याच्याही आधी घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे मुलांना बोलता येऊ लागलं की हे शिकवत. 'का' असं विचारलं, तर मोठी माणसं म्हणत, "का म्हणजे? रीत आहे." रीत म्हटलं की डोकं चालवावं लागत नाही.

घाटात एका शेठची धर्मशाळा होती. तो वाटसरूंना जेवू घाली, थकलेल्यांचे पाय स्वतः धुई. कुणी तापाने दगावलं, तर प्रेत खांद्यावर घेऊन गावात येई आणि मुलाच्या मायेने अग्नी देई. देवळातली पहिली आरती त्याची, लग्नातली पहिली अक्षता त्याची.

गावात एक मुलगी होती. तिची ताई दुसऱ्या दिवशी घाटापलीकडे सासरी निघायची होती, म्हणून कासारीण बांगड्या भरायला आली. "हात सैल सोड गं, मी काय तुझी सासू आहे?" असं म्हणत तिने सगळ्यांना हसवलं आणि टोपली डोक्यावर घेऊन तरातरा घाट चढून गेली.

सकाळी शेठ तिचं प्रेत घेऊन खाली आला. "ताप," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

गावाने सरण रचलं. "केवढं मन आहे बघ," मुलीचे आजोबा म्हणाले. "तुझी ताई आज याच्याच धर्मशाळेत उतरेल. मला घोर नाही."

मुलगी पुढे झाली आणि तिने प्रेतावरची चादर ओढली. कासारणीच्या गळ्याभोवती दोरीचा काळानिळा वळ होता.

"झाक ते," आजोबांनी दटावलं. "शेठची माफी माग."

"पोर आहे. मी नाही रागावलो," शेठ मायेने म्हणाला आणि चादर उचलायला वाकला. मुलीने चादरीवर पाय दिला.

"ताप धर्मशाळेतच कसा गाठतो, आजोबा? घाटाच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. आणि मेलेल्यांची गाठोडी कुठे जातात? आजवर एकाचं तरी तोंड पाहिलंत?"

"पाहायचं नसतं."

"म्हणून तर तो निवांत होता. लाकडं तुम्ही फोडलीत, सरण तुम्ही रचलंत, आणि वर नमस्कारही त्यालाच केलात."

शेठ निघू लागला. ताईने वाट अडवली, तिच्यामागे इतर बायका उभ्या राहिल्या. सरणाच्या मोळ्यांच्याच दोराने त्यांनी त्याला बांधलं. तो शेवटपर्यंत आशीर्वाद देत होता.

आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. चादर घाल आता. बाहेर कळलं तर गावाचं नाव जाईल."

"नाही घालणार. हिची माणसं येतील, हिचं तोंड पाहतील, मगच अग्नी. आणि आधी जळालेल्यांच्या घरी काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा."

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

तात्पर्य: ज्या मोठेपणाला प्रश्न विचारायची बंदी असते, त्याची चौकशी सगळ्यात आधी करावी.