ढोलीतली झोप

समुद्रापलीकडे तांबड्या मातीचे एक बेट आहे. तिथल्या गोरखचिंचेच्या रानात एकदा एक तरुणी एका वृद्ध वैद्यांकडे विद्या शिकायला आली. तिचे नाव लालाओ आणि वैद्यांचे रावेलो. रानातले सगळेच त्यांना आजोबा म्हणत, म्हणून तीही आजोबा म्हणू लागली.

ती केवळ विद्येसाठी आली नव्हती. किनाऱ्यावरच्या गावात तिचा थोरला भाऊ हेरी मासेमारी करी. त्याची बायको तापाने गेली आणि त्या दिवसापासून तो घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बोलेना, होडीकडे फिरकेना. आई त्याला गदागदा हलवी. मामा दारात ढोल वाजवणारे आणून बसवी. शेजारणी नव्या स्थळांच्या गोष्टी मुद्दाम मोठ्याने बोलत. पण जितके त्याला उठवावे तितका तो वाळतच चालला होता.

"आजोबा, माणसाला जागं करणारी एखादी मुळी असेल ना?" तिने आल्याआल्याच विचारले.

"आधी रान तर ओळखीचं होऊ दे," वैद्य म्हणाले.

कोरडा हंगाम होता. झाडांवर पान नव्हते. हवा इतकी निश्चल की सारे रानच श्वास रोखून कुणाचे तरी स्वप्न पाहत आहे असे वाटे. अशाच एका सकाळी औषधी साल गोळा करताना लालाओला एक उन्मळून पडलेले झाड दिसले. त्याची ढोली फुटली होती आणि आत माकडाच्या कुळातला एक लेमूर वेटोळे करून पडला होता. जेमतेम खारीएवढा, रात्री फुलाफळांवर हिंडणारा. तिने हात लावला, तर तो नदीतल्या दगडासारखा गार. श्वास जाणवेना. ती त्याला खाली ठेवणार, इतक्यात त्याची कूस किंचित वर आली.

"जीव आहे अजून!"

पदराआड धरून ती धावत झोपडीत आली. चुलीच्या उबेत तो आधी थरथरला, मग त्याने डोळे उघडले. केवढे मोठे डोळे! त्यांत चुलीचा सारा जाळ हलत होता. तिच्या बोटावरचा मध त्याने चाटला, तेव्हा तिला रडू फुटले. याला जागे करता येते तर हेरीला का नाही?

"आजोबा, बघा, मी याला उठवलं!"

वैद्यांनी जवळ येऊन त्याची शेपटी दोन बोटांत हलकेच धरून पाहिली. मग त्यांनी त्याला चुलीपासून दूर, गार सावलीत नेले. हळूहळू त्याने अंग आखडले, डोळे मिटले. पुन्हा दगडासारखा गार झाला. वैद्यांनी त्याला एका उभ्या झाडाच्या ढोलीत ठेवले आणि साल व वाळकी पाने खोचून ढोलीचे तोंड बुजवून टाकले.

लालाओ संतापली. "हे काय केलंत? जिवंत जीव गाडलात तुम्ही!"

"बस," ते म्हणाले आणि स्वतःही बुंध्याला टेकून बसले. "त्याची शेपटी हाताला कशी लागली?"

"बारीक. मऊ."

"फळांच्या दिवसांत ती जाडजूड होती. पुढच्या उपासाची सगळी शिदोरी तिच्यात होती. अंग गार पडलं, श्वास लांबला, तरच ती पुरते. तू ऊब दिलीस आणि ती जळू लागली. बरं, जागा होऊन तो खाणार काय? वर बघ."

तिने वर पाहिले. उघड्या फांद्या आणि आभाळ. फूल नाही, फळ नाही, किड्याची किरकिरसुद्धा नाही.

"माझे गुरू सांगायचे," वैद्य सावकाश म्हणाले, "फार पूर्वी या बेटावर लेमूर नव्हतेच. पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावर वादळात झाडं उन्मळली आणि समुद्रात वाहत निघाली. त्यांच्या ढोल्यांत यांचे पूर्वज होते. वर चांदणं, खाली अथांग पाणी, आणि खायला काही नाही. जे घाबरून धडपडले ते वाटेतच संपले. ज्यांना झोपता आलं ते इथे पोचले. त्यांचीच ही सगळी लेकरं, कुणी मांजराहून मोठी, कुणी मुठीत मावणारी. यांनी फळं खाल्ली, बिया टाकल्या, म्हणून हे रान पसरलं."

लालाओने डोळे मिटले. काळ्या लाटांवर तरंगणारे एक झाड तिला दिसत होते.

"मग हेरीला... नुसतं सोडून द्यायचं?"

"सोडायचं कुठे म्हटलं? या ढोल्यांत साप शिरतो. म्हणून तर मी इथे बसलोय. झोपलेल्याला हलवू नये आणि एकटंही टाकू नये. तो उठेलच, असं मला सांगता येत नाही. या जिवाचंही नाही सांगता येत."

दुसऱ्या दिवशी ती गावी परतली. ढोलवाल्यांना तिने हात जोडून परत पाठवले. शेजारणींना दारातूनच वाटेला लावले. आई कडाडली, "भावाला मरायला टाकतेस?"

"नाही आई. मी इथेच आहे."

उंबऱ्यावर बसून ती हेरीची फाटकी जाळी विणू लागली. भाताची पेज त्याच्या उशाशी ठेवी. थोडी संपे, कधी तशीच राही, ती मुकाट्याने उचलून नेई. कधी त्याचा श्वास ऐकू येईनासा होई आणि तिचा हात त्याला हलवायला पुढे जाई. मोठ्या कष्टाने ती तो मागे घेई.

हंगाम सरत आला तेव्हा रानातून मध घेऊन येणाऱ्या माणसाने निरोप आणला. "आजोबांनी सांगितलंय, ढोलीतली साल आतून ढकललेली दिसली. झाडं फुललीत. तो संध्याकाळी फुलं चाटत होता. शेपटी मात्र पार दोरीसारखी झालीय." लालाओ हसली, रडली, पण भावाला काही बोलली नाही. तो अजून भिंतीकडे तोंड करून होता.

काही दिवसांनी, दुपारी, तिच्या पाठीमागून एक घोगरा आवाज आला.

"लालाओ, पाणी आहे का गं?"

तिला वाटले, ओरडून आईला बोलवावे, सारा गाव गोळा करावा. ती फक्त उठली आणि पाणी घेऊन आली. हेरी उठून बसला, सावकाश प्यायला. दारातला उजेड त्याच्या डोळ्यांवर येत होता. ती उंबऱ्यावर उजेड अडेल अशी जरा सरकून बसली आणि पुन्हा जाळे विणू लागली.