वानराच्या मापाच्या पायऱ्या

डोंगराआडच्या जंगलात एक साळू राहत असे. आखूड पाय, अंगभर काटे, नदीकाठी एक बीळ. सोबतीला कोणी नाही. जंगलाच्या सभेसाठी वानरांनी मातीचा उंच चौथरा बांधला, पण पायऱ्या ठेवल्या स्वतःच्या उडीच्या मापाच्या. सशाला चढता येईना, तर हरणाने त्याला पाठीवर घेतले. साळू पुढे झाली तसे हरीण मागे सरकले. "तुला उचलायचं तरी कसं, बाई? टोचतेस!" सगळे हसले. तेव्हापासून साळू रोज संध्याकाळी खालीच बसे. वर हशा पिकला की तीही हसे. आपण कशावर हसलो, ते तिला कधीच कळत नसे.

एकदा सभेत हरीण म्हणाले, "नदीकाठची बिळं बुजवा. पाडसांचे पाय मुरगळतात."

सभा चालवणाऱ्या वानराने विचारले, "कुणाची हरकत?"

"माझी! माझं घर आहे ते!" साळू खालून जीव तोडून ओरडली. वरच्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?

"कुणी बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य," वानर म्हणाला.

सकाळी साळू मुळं खाऊन परतली, तर बिळाच्या तोंडात दगड ठोकून बसवलेले. ती तशीच वानराकडे गेली. तो म्हणाला, "मग सभेत बोलायचं होतंस की! सभा तर सगळ्यांचीच आहे."

आता सांगा पोरांनो, असल्या शहाण्याशी काय बोलणार? साळू तडक सभेच्या जागी गेली. तिने चौथऱ्याच्या कडेला नखे रोवली आणि माती उकरायला घेतली. संध्याकाळी सभा भरली, तेव्हा पायऱ्यांशेजारी खालपासून वरपर्यंत सोपा उतार झाला होता आणि मातीने माखलेली साळू सभेच्या मधोमध उभी होती.

"तू कुठून आलीस?" वानर दचकला.

"खालून. रोज तिथंच असते मी. माझ्या घरातले दगड काढा."

वानर काही बोलणार, तोच त्या उतारावरून आणखी कोणीतरी धापा टाकत वर आले. म्हातारा कोल्हा! सभेला येत नाही म्हणून सगळे त्याला शिष्ट म्हणत.

"शिष्ट कसला? गुडघे गेलेत माझे," कोल्हा म्हणाला आणि काट्यांना न भिता साळूला खेटून बसला. "काय रे, ऐकू आलं ना आता तिचं?"

त्या संध्याकाळी वर कोणीच हसले नाही. हरीण खाली मान घालून उठले आणि दगड काढायला नदीकडे निघाले.

तात्पर्य : ज्याला वर येताच येत नाही, त्याचा आवाज ऐकू आला नाही म्हणून होकार समजू नये; सगळ्यांसाठी बांधायचे, तर आधी माप सगळ्यांचे घ्यावे.