दरबारात अडलेला बैल

फार जुनी गोष्ट. तेव्हाच्या राजांच्या मिशा लांब असायच्या आणि कान आखूड.

अशाच एका राजाच्या राज्यात जनावरांवर रोग आला आणि गोठेच्या गोठे ओस पडले. पेरणी तोंडावर आलेली, आणि नांगर ओढायला बैल नाहीत. सगळे डोक्याला हात लावून बसले. एका सुतारणीने मात्र हातात रंधा घेतला आणि चक्क लाकडाचा बैल केला! लाकूड संपलं तेव्हा तिने घराची दारं काढली आणि त्यांचे पाय केले.

बैलही साधासुधा नव्हता. बघेल ते शिकायचा, ऐकेल ते लक्षात ठेवायचा. शेजाऱ्याचा एक म्हातारा बैल रोगातून वाचला होता, त्याच्यामागे फिरून फिरून हा चालायला शिकला, वळायला शिकला. ज्या दिवशी त्याने नांगराचं पहिलं तास सरळ काढलं, त्या दिवशी सुतारीण शेतात एकटीच नाचली.

पण एका बैलाने राज्य कसं पेरून होणार? आणखी बैलांना सागवान हवं, आणि सागवानाचं जंगल राजाचं. तिने राजाकडे मागणं घातलं. राजाने निरोप धाडला, "बैल आणून दाखव. चालला तर जंगल तुझं, अडला तर सरपण माझं."

भरल्या दरबारात सुतारणीने जिभेने 'च्यक्' केलं आणि बैल डुलत निघाला.

"वा! डौलदार आहे, नाही का?" राजा म्हणाला.

"होऽ महाराज!" दरबार एका सुरात म्हणाला.

बैल थांबला. तिने पुन्हा 'च्यक्' केलं, बैल निघाला.

"आता नाही अडायचा, काय?"

"होऽ महाराज!"

बैल पुन्हा जागीच.

"मग सरपणच करायचं का याचं?"

"होऽ महाराज!"

राजाने तिला जेवणवेळेपर्यंत मुदत दिली. ती अंगणात बैलाला फिरवून त्याचा एकेक सांधा तपासू लागली. तेवढ्यात एक व्यापारी जवळ सरकला.

"अगं, याच्या पोटात माणूस बसव. पाय तो हलवील, नाव तुझं होईल."

"आणि पेरणीला प्रत्येक बैलात माणूस बसवू? मग त्या माणसांनाच नांगराला जुंपते की!"

"तुझा बैल खरंच आपला आपण चालतो का गं?"

"हो!" ती ठसक्यात म्हणाली.

बैलाच्या पायांची करकर एकदम थांबली. सुतारीण बघतच राहिली. मग तिने कपाळावर हात मारला आणि हसत हसत दरबाराकडे धावली. राजासमोर आल्यावर मात्र तिला पेच पडला. खरं बोलावं तर राजा चिडणार, गप्प बसावं तर बैल चुलीत जाणार.

"महाराज, बैल बिघडलेला नाही," ती म्हणाली. "बैलाला थांबवायचं असलं की शेतात आम्ही 'होऽ राजा' म्हणतो. तो तेच शिकलाय. आणि तुमचा दरबार तर दिवसभर तेच म्हणतो!"

राजाच्या मिशा थरथरल्या. सगळ्यांना वाटलं, आता हिची धडगत नाही. पण राजा खो खो हसत होता.

"बैल आत आणून सोडा! आणि मी काहीही विचारलं तरी आज सगळ्यांनी 'नाही' म्हणायचं."

बैल निघाला.

"माझा कारभार चोख आहे ना?"

"नाही महाराज!"

बैल चालतच राहिला. पण प्रधानाचं 'नाही' जरा जास्तच मनापासून आलं होतं.

"का हो प्रधानजी?" राजाने विचारलं.

प्रधान पुढे आला. "गावं उपाशी मरायला आलीत, महाराज. आणि आपण जंगल शिकारीसाठी राखून ठेवलंय."

राजाचं हसू मावळलं. त्याने त्याच दिवशी जंगल सुतारणीच्या हवाली केलं. गावोगाव लाकडी बैल निघाले, पेरण्या वेळेवर झाल्या, आणि सुतारणीच्या घराला नवी दारं बसली.

राजाने आपल्यासाठीही एक छोटा बैल करून घेतला. तो दरबारात इकडून तिकडे फिरत असायचा. कधी अडलाच, तर राजा बोलता बोलता थांबायचा आणि विचारायचा, "आज कोणाचं 'नाही' म्हणायचं राहिलंय?"

तात्पर्य: ज्याच्याभोवती सगळे होयबा, त्याचं पाऊल जागच्या जागी.