न गंजणारा पत्रा

एका गावात एक भोळा मेहुणा होता. नाव मुकिंदा. वय चाळीस, मिशी झुपकेदार, पण सांगितलेलं काम अगदी शब्दशः करायचा.

त्याचे दाजी, शिवराम मिस्त्री, गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचे. पुण्यात बांधकामाच्या लोखंड-पत्र्याचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा दाजी निघाले. छताच्या पत्र्याची तालुक्याची एजन्सी मिळवायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं. आणखी किती वर्षं वेल्डिंगच्या धुरात डोळे जाळायचे? पिशवी उचलायला मुकिंदाला न्या, असं बायको म्हणाली. दाजींनी आधी पिशवी स्वतःच उचलून पाहिली. मग बरं म्हणाले.

दुकानात दाजींनी मुकिंदाला एकच गोष्ट शिकवली होती. लोखंड उघडं दिसलं की गंजू नये म्हणून आधी लाल प्रायमर मारायचा. म्हणून त्यानं पिशवीत डबा आणि ब्रश घेतला होता.

प्रदर्शनात शिरताच पहिल्याच स्टॉलवर चकचकीत स्टीलचा कठडा होता. अगदी उघडा. दाजी माहितीपत्रक वाचेपर्यंत अर्धा कठडा लाल झाला. स्टॉलवरची मुलगी रडायच्या बेतात आली. दाजींनी थिनर मागून आणला आणि गुडघ्यावर बसून सगळं पुसून काढलं.

"अरे, आधी बघावं," दाजी दात आवळून म्हणाले. "गंज दिसला तर घासायचं. नाही दिसला तर गप पुढं जायचं."

मुकिंदानं मान हलवली. चार स्टॉल तो गप पुढं गेला. पाचव्यावर भिंतीएवढा पत्रा उभा होता आणि वरपासून खालपर्यंत गंजलेला. मुकिंदाला त्या लोकांची कीव आली. त्यानं खिशातला पॉलिश पेपर काढला आणि घासायला घेतलं. परातीएवढा भाग लख्ख झाला, तेव्हा मागून एक शेंडीवाले आर्किटेक्ट धावत आले. हा गंज मुद्दाम आणलेला होता. दोन पावसाळे पत्रा उघड्यावर ठेवून, पाणी मारून मारून. आता म्हणे बंगल्यांना असाच लागतो, आणि साध्या पत्र्याच्या चौपट भावानं.

दाजींनी माफी मागितली. मुकिंदाला खांबाआड नेलं.

"इथं गंजलेलं तेच भारी. गंजत नाही त्याला हात लावू नकोस, त्याच्या वाऱ्याला उभा राहू नकोस. कळलं?"

"कळलं, दाजी."

शेवटी पत्र्याच्या कंपनीचा स्टॉल आला. साहेब सज्जन होते. दाजींशी तासभर बोलले आणि फक्त आधारची झेरॉक्स आणा म्हणाले. दाजी हरखून झेरॉक्स काढायला गेले. मुकिंदाला स्टॉलबाहेर उभं केलं.

तिथं काचेच्या टाकीत, मिठाच्या पाण्यात, एक पत्रा वर्षभर बुडवून ठेवलेला होता. मुकिंदानं वाकून पाहिलं. कुठंच गंज नाही. तो चटकन दोन पावलं मागं सरला. येणाऱ्या प्रत्येकाला तो हळूच बाजूला घेऊन सांगू लागला, मामा, आत जाऊ नका, मीठ घातलं तरी ठिपका पडत नाही, तुमचं छप्पर जन्मात गंजायचं नाही.

ऐकणारा तडक आत जायचा. बघता बघता रांग लागली. लोकांना काय झालंय, मुकिंदाला कळेना.

साहेब बाहेर आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं असतील तर झेरॉक्स नंतर द्या. एजन्सी तुमच्या दाजींची. नाव घालू ना?"

मुकिंदानं हात सोडवून घेतला.

"नको साहेब. आमच्या दाजींना असला माल चालत नाही."

साहेबांनी तीनदा विचारलं. मुकिंदानं तीनदा नाही म्हटलं. शेवटी मागं रांगेत उभ्या, दाजींच्याच तालुक्यातल्या, बार्शीच्या एका गृहस्थांनी कागद पुढं ओढला आणि सही केली.

दाजी धावत आले. कपाळावर घाम, हातात झेरॉक्सच्या चार प्रती. मुकिंदानं त्यांना अर्ध्या वाटेतच अडवलं आणि पाठीवर हात ठेवला.

"सावकाश, दाजी. गळ्यात पडतच होती. मी घालवली."