पाखऱ्याच्या खुरातला तांबडा खडा

दसरा आठ दिवसांवर आला आणि महाराजांचा पाखऱ्या तीन पायांवर उभा राहिला. उजवा पुढचा पाय त्याने उचलून धरला तो धरलाच. जमिनीला टेकवायचं नावच घेईना!

कुसुंबगडच्या गंगाजीराव महाराजांचा या घोड्यावर राणीसाहेबांपेक्षा जास्त जीव होता. राणीसाहेबांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

"खांदा धरलाय!" अश्ववैद्य शंभूशास्त्री म्हणाले. त्यांनी खांद्याला दोन घागरी तेल चोळलं आणि घोड्याला सात काढे पाजले. पाखऱ्या लंगडायचा तो लंगडतच राहिला, वर त्याने चंदी खाणंही सोडलं. मग शास्त्रीबुवांना आठवलं, की पाखऱ्याला नाल ठोकला होता तो म्हाळू नालबंदाने. घोडा लंगडला त्या पहिल्याच दिवशी म्हाळूने तो नाल काढूनही ठेवला होता.

"खिळा चुकवला असणार त्याने!"

महाराज गरजले, "ज्याच्यामुळे माझा पाखऱ्या लंगडला, त्याचे दोन्ही अंगठे दसऱ्याला सोलून काढा!"

म्हाळूला कोठडीत टाकलं. आता महाराजांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा ते चुकून मंगळवारला बुधवार म्हणाले, तर त्या आठवड्यात राज्यात दोन बुधवार झाले होते. आणि सोललेल्या अंगठ्यांनी नालबंद हातोडा धरणार कसा?

म्हाळूची लेक ठकू पंधरा वर्षं बापाच्या भट्टीचा भाता ओढत होती. ती तडक पागेत आली. दसरा आता चार दिवसांवर होता.

"म्हाराज, घोडा मी बरा करते. बाबाला सोडा."

"दसऱ्याला चारी पायांवर चालला तर बघू! पण ऐकून ठेव. औषधाचा एक थेंब नको, काढ्यांनी त्याचे हाल झालेत. पायाला लोखंड लावायचं नाही. आणि माझ्याखेरीज कुणीही त्याच्या पायाला हात लावायचा नाही!"

शास्त्रीबुवा गालात हसले.

ठकूने वाद घातला नाही. तिने पाण्याची बादली उचलली आणि पाखऱ्याच्या चारी खुरांवर ओतली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने तीन खूर ओलेच होते आणि उजवा पुढचा खडखडीत वाळला होता.

"शास्त्रीबुवा, खांदा तर वर हाय. मग खूर कशापायी तापलाय?"

शास्त्रीबुवा म्हणाले, की याबाबत ग्रंथांत मतभेद आहेत.

"आत पू झालाय, म्हाराज. बाहेर पडायला वाट मिळंना म्हणून ठणकतोय. घंगाळभर कडत पाणी आणि चार मुठी मीठ आणायला सांगा."

"मीठ म्हणजे औषध!" शास्त्रीबुवा ओरडले.

"मग काल म्हाराजांनी आमटीतनं औषधच घेतलं म्हणायचं!"

महाराजांनी विचार केला. "मीठ औषध नाही. पुढे?"

"पाय घंगाळात बुडवून धरायचा. घटकाभर."

"धर की!"

"माझा हात चालत न्हाई, म्हाराज. तुमचाच चालतो."

महाराजांनी ठकूकडे पाहिलं, घंगाळाकडे पाहिलं, अंगरख्याच्या बाह्या सारल्या आणि जमिनीवर बसले.

पाय शेकून झाला, की ठकू जवसाचं पीठ आणि गव्हाचा कोंडा शिजवून गरम पोटीस करी. ते खुराच्या तळव्याला अंगठ्यांनी दाबून बसवायचं, वरून फडकं आणि गोणपाट बांधायचं. हे सगळं महाराजांनी. दिवसातून चार वेळा!

"मला राज्य आहे गं!" महाराज कळवळून म्हणाले.

"पाय खाली सोडू नका, म्हाराज. पाणी निवतंय."

दिवाणजी कागद घेऊन पागेत येऊ लागले. परराज्याच्या वकिलाची भेटही तिथेच झाली. महाराजांच्या मांडीवर घोड्याचा पाय होता, तेव्हा उठून मुजरा घ्यायचा प्रश्नच आला नाही. वकिलाने आपल्या राजाला लिहून कळवलं, की इकडे राजालासुद्धा कामावरून उठायची मुभा नाही, फारच कडक शिस्त आहे.

दसऱ्याच्या सकाळी महाराजांनी पोटीस सोडलं आणि खुरातून काळ्या पुवाची चिळकांडी थेट त्यांच्या मिशांवर उडाली. घाण सुटली. पाखऱ्याने लांब सुस्कारा टाकला, चौथा पाय जमिनीवर ठेवला आणि चंदीच्या तोबऱ्यात तोंड घातलं. महाराजांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पुवाबरोबर तळहातावर काहीतरी आलं होतं.

"हा खिळा नव्हे," महाराज डोळे पुसत म्हणाले. "खडा आहे. तांबडा."

कुसुंबगडचा सगळा मुलूख काळ्या मातीचा. तांबडी खडी होती ती फक्त शिकारखान्याच्या नव्या रस्त्यावर. त्या रस्त्यावर महाराजांखेरीज कुणाला घोडा घालायची परवानगी नव्हती, आणि महाराजांनी मागच्याच पंधरवड्यात पाखऱ्याला तिथे चौखूर पिटाळलं होतं. दिवाणजी आढ्याकडे पाहू लागले.

महाराजांच्या कपाळावर घाम आला. "म्हणजे लंगडला तो माझ्यामुळे! आणि मी तर बोलून बसलोय... शब्द मागे कसा घेऊ?"

शास्त्रीबुवा दोन पावलं मागे सरकले.

"कशाला मागं घेताय, म्हाराज?" ठकू म्हणाली. "जरा हात बघा की तुमचे!"

महाराजांनी हात पुढे केले. चार दिवसांच्या कडत मिठाच्या पाण्याने दोन्ही अंगठ्यांची साल पार निघाली होती.

"हुकूम झाला, अंगठे सोलून झाले आणि दसराबी आजच हाय! आता माझ्या बाबाला सोडा."

महाराजांनी अंगठे उलटेसुलटे करून नीट पाहिले. मग इतक्या मोठ्याने हसले, की पाखऱ्याने तोबऱ्यातून तोंड काढलं.

म्हाळू कोठडीतून सुटला आणि हातातलं सोन्याचं कडं महाराजांनी ठकूच्या हातात घातलं. अश्ववैद्याची जागाही तिलाच दिली. पाणी तापवायला शंभूशास्त्र्यांना नेमलं.